आक्काने ऐकलेलं हसू

थंडी पडली की आमच्या कोर्टाबाहेरच्या चहावाल्याकडे दोन पातेली लागतात. एक साखरेच्या चहाचं, दुसरं गुळाच्या. मी गेली कित्येक वर्षं साखरेचाच घेतो. हंगामात एकदा तरी तो टोमणा मारतोच. "काय साहेब, गुऱ्हाळवाल्याचं पोरगं तुम्ही, आणि साखर पिताय? साखर कारखान्यानं बांधून घेतलंय काय?" यंदा त्याने न विचारताच गुळाच्या चहाचा ग्लास हातात दिला. गर्दी होती, मागून कोणीतरी ढकललं, आणि मी तो घोट घेतला. मग दुसराही घेतला.

जिभेवर एक अख्खा हंगाम उतरला. सुमारे तीस वर्षांपूर्वीचा.

मुरगूडच्या अलीकडे, नदीकाठच्या आमच्या उसात आबांचं गुऱ्हाळ होतं. गुऱ्हाळाचा वास गोड असतो असं लांबून जाणाऱ्याला वाटतं. जवळ राहणाऱ्याला त्यात धूर, चुना, रस काढलेल्या उसाचं ओलं चिपाड आणि माणसांचा घाम वेगवेगळा ओळखता येतो. काहिलीतला रस तापू लागला की हिरवट-काळी मळी वर येते, भेंडीच्या चिकट पाण्याने ती एका जागी गोळा होते आणि झाऱ्याने ती काढत राहायची. हे सगळं डोळ्यांनी करायचं काम. पण शेवटी गूळ कधी उतरवायचा हे आमचा गुळव्या कानाने ठरवायचा. आधी रस खळखळतो, मग रटरटतो, आणि शेवटी त्याचा आवाज जाड होतो, घशात काहीतरी अडकल्यासारखा. गुळव्या काहिलीकडे पाठ करून बिडी ओढत बसायचा आणि मधेच म्हणायचा, "उतरवा." एकदाही चुकला नाही.

माणसाच्या कानाला काय काय कळतं, आणि त्यातलं काय खरं मानायचं हे कोण ठरवतं, हा प्रश्न मला तेव्हा पडायला हवा होता. तो पन्नाशी उलटल्यावर पडला.

गुऱ्हाळाच्या एका अंगाला गुळाची खोली होती. गुळाला ओल बाधते, म्हणून तिला खिडकी नव्हती आणि तिची एक भिंत काहिलीखालच्या चुलवाणाला लागून होती. साच्यातून काढलेले गुळाचे रवे, म्हणजे ढेपी, तिथे ओळीने ठेवायचे. कडी बाहेरून. त्या हंगामात एका दुपारी आम्ही आक्काला त्या खोलीत बसवलं होतं. 'बसवलं' हा आमच्या घरातला शब्द. कडी मी लावली होती.

शालनआक्का माझ्याहून चार वर्षांनी मोठी. लग्न होऊन वर्षाच्या आत ती माहेरी परत आली, आणि कोणी काही सांगण्याआधीच आम्हाला कळलं की हिचं काहीतरी बिनसलंय. रात्र रात्र जागायची. विहिरीपाशी उभी राहून कोणाशी तरी बोलायची, मधेच थांबून ऐकायची आणि मान हलवायची. आईने अंगारे-धुपारे केले. आबा गप्प झाले. मी नुकताच टायपिंगची परीक्षा पास झालो होतो, आणि माझ्या सोयरिकीसाठी कुरुंदवाडची माणसं घर बघायला येणार होती.

एवढंच मी तीस वर्षं स्वतःला सांगत आलो. पुढचं सांगायचं झालं की मी साखरेचा चहा मागवतो.

मी कोल्हापूरला दिवाणी कोर्टात टंकलेखक आहे. साक्षीदार म्हणतो, "मी काय बघितलं न्हाय, पण समदा गाव बोंबलत हुता की बांध ह्येनीच फोडला." न्यायाधीश त्याचा मथितार्थ सांगतात आणि मी टाईप करतो, 'बांध कोणी फोडला हे मी प्रत्यक्ष पाहिलेले नाही.' मग ते साक्षीदाराला वाचून दाखवायचं. तो बरोबर आहे म्हणतो आणि सही किंवा अंगठा करतो. सव्वीस वर्षांत एकाही साक्षीदाराचं एकही वाक्य मी गाळलेलं नाही. हा माझा अभिमान होता. आता तो शब्द वापरताना बरं वाटत नाही.

नसीमाआपा मला तिथेच भेटल्या. त्यांच्या शिवणकामाच्या दुकानाच्या भाड्याचा दावा होता. साक्ष वाचून दाखवल्यावर सगळे मान डोलावतात. आपा म्हणाल्या, "साहेब, तिसरं वाक्य मी असं बोललेच न्हाय." न्यायाधीशांनी दुरुस्ती करायला लावली. बाहेर व्हरांड्यात त्या मला शोधत आल्या.

"भाऊ, तुमची बोटं लई पळत्यात. रविवारी दुपारी मोकळे असता काय?"

"कशासाठी?"

"आम्ही डोक्याच्या आजारातनं गेलेली चार माणसं एकत्र बसतो. बोलतो, ते रेकॉर्डिंगच्या यंत्रात भरतो. कागदावर उतरवायला माणूस न्हाय."

त्या स्वतः नऊ वर्षं आवाज ऐकत होत्या, हे त्यांनी तिथेच, वकिलांच्या गर्दीत, कापडाचा भाव सांगावा तसं सांगितलं. मी हो म्हणालो. मला टायपिंग येतं एवढंच सांगितलं. मला बहीण आहे हे सांगितलं नाही.

दुकानाच्या मागच्या खोलीत हे काम चालायचं. एक पत्र्याची पेटी होती. त्यात टाईप केलेले कागद, कोणाचं जुनं केसपेपरचं पुस्तक, एक ताईत, गोळ्यांची रिकामी पाकिटं, आणि निवृत्त एसटी कंडक्टर असलेल्या पाटीलकाकांची शिट्टी. आजारपणात ते घरातल्या घरात ती वाजवून दर दारापाशी थांबा घ्यायचे. ते स्वतःच हे हसत सांगत.

पण मला सगळ्यात कुतूहल वाटलं ते तिथल्या रीतीचं. यंत्राचं बटण सांगणाऱ्याच्या हातात असायचं. वाटलं तेव्हा सुरू, वाटलं तेव्हा बंद. पुढच्या रविवारी कागद वाचून दाखवायचा. नको असेल त्या ओळीखाली सांगणाऱ्याने शिंप्याच्या निळ्या खडूने रेघ मारायची. पेन का नाही, असं मी पहिल्याच दिवशी विचारलं.

"खडू झटकला की जातो," आपा म्हणाल्या. "कापड कापायच्या आधी माणसाचं मन बदलू शकतंय, भाऊ. मग सांगणाऱ्याचं का न्हाय बदलणार?"

पाटीलकाकांनी एक परिच्छेद तीन वेळा काढला आणि तीन वेळा परत घातला. कोर्टात असा साक्षीदार उभा राहिला असता तर वकिलाने त्याला फाडून खाल्लं असतं. इथे आपा दर वेळी शांतपणे कागद पुन्हा वाचायच्या. मला प्रश्न पडायचा, यातलं खरं कोणतं? मग हळूहळू वाटायला लागलं की काका काय ठेवतात याबरोबरच कधी ठेवतात, हेही त्यांच्या सांगण्याचाच भाग असावा. मला अजून पक्कं माहीत नाही.

हा लेखही मी त्याच रीतीने आक्काला वाचून दाखवला आहे. तिने दोन ठिकाणी निळी रेघ मारली. त्यातली एक नंतर झटकली. माझ्या बायकोनेही तो वाचला. भाकरी थापता थापता ती म्हणाली, "तीस वर्षं मला वाटत हुतं, वन्संना मी पसंत न्हाय म्हणून त्या घर बघाय आलेल्या आमच्या माणसांसमोर आल्या न्हाईत." आणि पुढची भाकरी तिने जरा जोरातच तव्यावर टाकली.

आक्का तिथे आली ती माझ्यामुळे नव्हे. महिन्याच्या गोळ्या घ्यायला ती मुरगूडहून एसटीने कोल्हापूरला येते. दवाखान्याच्या रांगेत आपांशी तिची ओळख झाली होती. एका रविवारी मी दार उघडून आत गेलो तर आक्का चटईवर बसून शेंगा फोडत होती.

"तू हितं काय करतोस?" तिने विचारलं.

"टाईप करतो."

"कुणाचं?"

"सगळ्यांचं."

तिने शेंगेची टरफलं मुठीत गोळा केली. "बरं हाय. मग माझं बी कर की."

आपांनी विचारलं, "भाऊनं ऐकलं तर चालंल नव्हं, शालनताई? न्हायतर मी दुसरं कुणीतरी बघते."

"त्येला कळू दे की," आक्का म्हणाली. पाणी गरम आहे बघ, असं सांगावं तितक्या सहज.

ती बोलली त्या वेळी मी बाहेर बसलो. नंतर घरी, बायको शेजारी गेलेली असताना, कानाला लावून ऐकलं. सत्तेचाळीस मिनिटं. आक्काचा आवाज एवढा वेळ सलग मी आयुष्यात पहिल्यांदाच ऐकत होतो, हे दहाव्या मिनिटाला लक्षात आलं. तिला विहिरीजवळची बाई कशी दिसायची, तिच्या लुगड्याचा काठ कोणता, ती काय म्हणायची. एक म्हातारा नाव घेऊन हाक मारायचा, त्याला दम लागलेला असायचा. एका घरात राहून मी यातलं काहीच कधी विचारलं नव्हतं. मला वाटायचं, विचारलं तर वाढेल.

मग गुळाची खोली आली. "भावाची सोयरीक हुती. मला गुळाच्या खोलीत घातलं. संपानं कडी लावली. भाईर पावणं आलं. मधीच समदी एकदम हसली. मला वाटलं, मलाच हसत्यात. पण ते बी भासच हुतं म्हणं. डॉक्टरनं सांगितलं."

तिथे तिने बटण दाबून यंत्र बंद केल्याचा आवाज आहे. मग पुन्हा सुरू केल्याचा. मधे किती वेळ गेला ते कळत नाही.

मी ते टाईप केलं नाही. हात आपोआप कोर्टाच्या वळणावर गेले. सोयरीक, खोली, कडी, हसू, या सगळ्याच्या जागी मी कंसात एक ओळ घातली, 'येथे कौटुंबिक तपशील.' पुढे तिने जे भास सांगितले होते त्यांची मात्र मी व्यवस्थित यादी केली. विहिरीजवळची बाई. हाक मारणारा म्हातारा. भिंतीपलीकडे हसणारी माणसं. यादी करायला मला बरं वाटतं, तिच्यात कर्ता लागत नाही.

पुढच्या रविवारी आपा वाचत होत्या आणि आक्का डोळे मिटून ऐकत होती. तिच्या हातात खडू होता. तिला काही नको वाटलं तर ती सगळाच कागद मागे घेऊ शकत होती, आणि मला वाटतं, मी मनातून त्याचीच वाट बघत होतो.

"थांबा आपा. कौटुंबिक तपशील म्हंजे काय वं?"

आपांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"घरचं बोलणं," मी म्हणालो.

"मग आत्तापतोर काय बाजारचं बोलत हुते व्हय मी?"

पाटीलकाका खोकले. मी म्हणालो, "आक्का, मी काढलं ते." आणि मग माझा बांध फुटला. कडीचं सांगितलं, तीस वर्षांचं सांगितलं, झोप लागत नाही ते सांगितलं, मी किती नालायक आहे तेही सांगितलं. बरंच लांबलं. आक्का सगळं ऐकून घेत होती, पण तिचा चेहरा एसटीच्या रांगेत पुढच्या माणसाचं आवरायची वाट बघणाऱ्यासारखा होता.

"झालं?" ती म्हणाली. "आपा, त्येला पाणी द्या." मग माझ्याकडे वळली. "संपा, तुझी माफी र्‍हाऊ दे बाजूला. मला एक इचारायचं हाय. लई दिसांचं हाय. तू भाईर हुतास, मी आत. मला काय दिसलं न्हाय. त्या दिशी कोण हसलं हुतं काय?"

तीस वर्षांत मला कोणी शिव्या दिल्या असत्या तर मी तयार होतो. या प्रश्नाला तयार नव्हतो. क्षणभर एक उत्तर जिभेवर आलंही होतं, पाहुण्याचं उपरणं काहिलीत पडलं आणि सगळे हसले, असं काहीतरी. खोटी साक्ष किती चटकन सुचते ते मी जवळून बघितलेलं आहे. आपांनी यंत्राचं बटण माझ्या हातात दिलं.

मी ते दाबलं.

"हसले होते," मी म्हणालो.

"कशाला?"

"मुलीच्या चुलत्यानं विचारलं, थोरली बहीण दिसत न्हाय? आबा गप्प बसले. मी म्हणालो, राधानगरीला गेलीया, मामाकडं."

"राधानगरीला?" आक्काने डोळे मोठे केले. "आपला मामा तर चिकोडीला हुता. मला काय धरण बघाय पाठवलंस व्हय?"

पाटीलकाकांना हसू आवरलं नाही. तिलाही. मला पुढचं सांगायचं होतं.

"मग तो चुलता म्हणाला, बरं झालं की. नांदायला येणाऱ्या पोरीला नणंद जेवढी लांब तेवढी ग्वाड."

"आन् समदी हसली."

"हो."

"आबा?"

मला थांबून, खरोखर त्या दुपारी जाऊन बघावं लागलं. "नाही. आबा वाकून चुलवाणात चिपाडं सारत होते."

"आई?"

"आई आत चहा करत होती. तिला ऐकू गेलं नसेल."

"तू?"

"मी हसलो."

"का?"

"सगळे हसले म्हणून."

तिने मान हलवली, एखादा हरवलेला पत्ता सापडावा तशी. रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. मग मीही, तीस वर्षांत पहिल्यांदा, विचारलं. "आक्का, तू आत काय करत होतीस?"

"झोपले हुते," ती म्हणाली. "ती भित गरम हुती नव्हं. पाठ लावली आन् झोप लागली. किती दिसांनी लागली हुती. हसण्यानंच जाग आली. पर बघ हां, मी झोपले हुते ते खरं आन् तू कडी लावलीस ते बी खरं. एकाच्या आडोशाला दुसरं दडवू नगंस."

"नाही."

"मग पुढच्या आठवड्यात डॉक्टरकडं गेलतो, तवा त्येनी तुला इचारलं हुतं. माझ्यासमोर. त्या दिशी खरंच कोण हसलं हुतं काय, म्हणून."

ते टेबल मला आठवत होतं. काचेखाली ठेवलेलं कॅलेंडर आठवत होतं. सोयरीक ठरली होती, एक धागा ओढला तर सगळं उसवेल अशी मला भीती होती. डॉक्टरांचं पेन थांबलेलं होतं. बिचाऱ्यांनी नीट विचारलं होतं.

"मी नाही म्हणालो," मी म्हणालो. "कोणीच हसलं नव्हतं, असं सांगितलं."

"व्हय. आन् त्येनी लिवून घेतलं." आक्का खाली चटईकडे बघत होती. "मी मातूर ऐकलं हुतं. माझ्या कानांनी. पर तू शिकलेला, तू भाईर हुतास. मी म्हणलं, संपा कशाला खोटं बोलंल? तवापासनं कोण बी हसलं की मी आधी बघते, आणखी कुणाला ऐकू आलं काय. आलं असलं तरच मी हसते."

बाहेर दुकानात मशीन चालू होती, ती थांबली.

आक्काने आपांच्या हातातला कागद घेतला. तिला वाचता येतं, सावकाश येतं. यादीवरून बोट फिरवत ती खाली आली. "ही विहिरीजवळची बाई माझी. असू दे. ह्यो म्हातारा बी माझाच." बोट तिसऱ्या ओळीवर थांबलं. "हे न्हाय. हे माझ्या आजारातनं काढ."

"काढतो," मी म्हणालो. आणि कोर्टातली सवय, म्हणून विचारलं, "मग हे कुठं घालू?"

"तुझ्या नावावर घाल की," आक्का म्हणाली. "तुझंच हाय ते."